हवालदार निकमांच्या तेरा रिकाम्या बाटल्या

स्वतः न पाहता 'पाहिले' असं लिहून त्याखाली तुम्ही शेवटची सही कधी केलीत?

आठवत नसेल तर सही केलीच नाही असं समजू नका. सवय झाली की अशा सह्या आठवत नाहीत. मला माझी आठवते. निळ्या शाईची, प्रकल्प अहवालाच्या तिसऱ्या पानावर, 'वरील निरीक्षणे मी स्वतः केली आहेत' या वाक्याखाली. ती विसरता येत नाही याला कारण निवृत्त हवालदार संपत निकम. ते माझे शिक्षक नव्हते, नातेवाईक नव्हते. एम.एस्सी.ला माझ्या वर्गात होते.

सांगलीत विश्रामबागच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राला प्रवेश घेतला. पहिल्या दिवशी वर्गात आम्ही वीस-बावीस जण होतो, बहुतेक मुलीच. दारातून चाळिशीचे एक गृहस्थ आत आले. इस्त्रीची पँट, आरशासारखे काळे बूट, बारीक कापलेले केस. सगळा वर्ग उभा राहिला. तेही दारातच ताठ उभे राहिले. आम्ही बसेना, ते हलेनात. शेवटी ते म्हणाले, "बसा की. मी बी तुमच्यातलाच हाय. फी भरल्याली पावती दावू का?"

बी.एस्सी. झाल्यावर ते सैन्यात भरती झाले होते. सतरा वर्षं नोकरी करून परत आले आणि सोडलेलं शिक्षण पुढे सुरू केलं. गाव सातारा जिल्ह्यात, रहिमतपूरजवळ. आठवडाभर ते सांगलीत खोली घेऊन राहत आणि शनिवारी पॅसेंजरनं गावी जात. आमच्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही लोक 'मेजर' म्हणतात. मानानं म्हणतात आणि तो माणूसही मानानं घेतो. निकम घेत नसत. शिपाई असो की प्राचार्य, 'मेजर' म्हटलं की ते थांबत आणि म्हणत, "मेजर न्हाई, हवालदार." कँटीनचा मालक एकदा वैतागला, "आवं, पद वाढवून दिलं तरी तुमी परत करताय!" त्यावर निकम म्हणाले, "वाडवून द्यायचं तर च्या वाडवून द्या." आम्ही मुली त्यांना काका म्हणत होतो. ते मात्र चालवून घेत.

या वयात एम.एस्सी. कशाला, असं मी एकदा विचारलं. त्यांच्या गावाजवळच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्राला शिकवणारं कुणी नव्हतं. तासिकेवरची जागा होती, पगार थोडा. डिग्री आणलीत तर जूनपासून तुम्हीच, असं तिथल्या प्राचार्यांनी सांगितलं होतं. "आमच्याकडं भरतीच्या अकॅडम्या किती झाल्यात बगा," ते म्हणाले. "पोरास्नी पळायला शिकवनारं लय हायत, ताई. बगायला शिकवनारं कुनी न्हाई."

ते स्वतः कसं बघत, हे प्रयोगशाळेत कळायचं. सूक्ष्मदर्शकावर आम्ही पाच मिनिटं डोळा ठेवायचो आणि पुस्तकातली आकृती वहीत उतरवायचो. निकम अर्धा तास वाकलेले असत. मग जे दिसलं तेवढंच काढत. आकृती अर्धवट असे, सर गुण कापत. "पुस्तकात अवयव पूर्ण आहे की हो," सर म्हणत. "पुस्तकात हाय, सर. माझ्या काचेवर न्हाई." नमुन्याच्या बाटलीतली चिठ्ठी ते शिसपेन्सिलीनंच लिहीत. अल्कोहोलमध्ये शाई विरघळते, शिसं राहतं. हे आम्हालाही शिकवलं होतं, पण पेन हाताशी असायचं. त्यांच्या खिशात दोन पेन्सिली असत. दोन्हींना टोक.

त्यांचा आवडता शब्द होता 'निल'. चौकीवर असताना ठरल्या वेळी वायरलेसवर खबर द्यावी लागते. काही घडलं तर ते सांगायचं. काही घडलं नाही तरी गप्प बसायचं नाही, 'निल' म्हणून कळवायचं. "निल म्हंजी काय न्हाई असं न्हवं, ताई. म्या बगितलं आन् काय न्हाई, असं." कँटीनमध्ये वडे संपले का विचारलं तर ते आत जाऊन, परात बघून येत आणि सांगत, "निल." आम्ही हसायचो.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प आला. दोघादोघांचे गट होते, माझ्याबरोबर निकम पडले. विषय होता इस्लामपूरच्या पुढे कृष्णेला मिळणाऱ्या एका ओढ्यातले शंख-शिंपल्यांचे प्राणी. विषय जुनाच होता. विभागाच्या कपाटात त्याच ओढ्यावरचे आधीच्या तुकड्यांचे अहवाल होते. ते आम्ही टेबलावर मांडले. सगळ्यांत सतरा जाती. त्याच सतरा, त्याच क्रमानं.

"कमाल आहे," मी म्हटलं, "इतकी वर्षं ओढा तस्साच आहे."

निकम फोटो बघत होते. "वडा आसंल. पन शिंपला बी तोच हाय. ह्यो टवका बगा." एका शिंपल्याची कड उडालेली होती. तीच उडालेली कड सगळ्या अहवालांतल्या फोटोंत होती.

मी सरांकडे गेले. सरांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. विभागाच्या संग्रहालयात सतरा जातींचे शिंपले आहेत, ते ओढ्यावर न्यायचे, ओल्या वाळूत ठेवून फोटो काढायचे, आणून परत ठेवायचे. "नंबर रंगवलाय ती बाजू खाली ठेवा," एवढी एकच सूचना. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना यादी भरगच्च लागते, कमी जाती दिसल्या की मुलांनी काम केलं नाही असं ते धरतात आणि गुण मुलांचेच जातात. सर दुष्ट नव्हते. आम्हाला आमचे गुण मिळावेत म्हणून ते शिंपले देत होते.

आता माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी साताऱ्यात चळवळीच्या घरात वाढले. घरी पत्रकांचे गठ्ठे असत, मी त्यांच्या घड्या घालत वाचायला शिकले आणि सत्यासाठी कसं उभं राहावं यावर पुष्कळ बोलू शकत होते. सरांना मी म्हटलं, "बरं, सर."

निकमांनी दुकानातून पाइप आणून मीटरभर लांबी-रुंदीची चौकट बनवली. गवंड्याकडून वाळूची चाळण मागून आणली. ओढ्यावर दहा जागा ठरवल्या, प्रत्येक जागी काठावर खुंटी. दिवाळीनंतर दर पंधरा दिवसांनी आम्ही एस.टी.नं जायचो. गुडघाभर पाण्यात चौकट टाकायची, आतला गाळ चाळायचा, जिवंत प्राणी मोजायचे, वहीत लिहायचं. पाणी काळपट होतं आणि वास येत होता. दोन प्रकारचे बारके शंख पुष्कळ, एक मोठा काळा शंख कधीमधी, आणि एक नखाएवढा शिंपला. बस्स. इतर जातींचे रिकामे, झिजलेले शिंपले गाळात मिळत. निकम ते वेगळ्या डब्यात टाकत आणि वहीत लिहीत, 'कवच. जीव नाही.'

तिसऱ्या फेरीला काठावर शेरडं चारणारी एक बाई आली. वय साठीचं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. पुढे आम्ही तिला आक्का म्हणू लागलो.

"काय हारवलं म्हनायचं, पाव्हनं?"

"शिंपलं शोधतोय, आक्का."

"आत्ता व्हय? लय उशीर केला की रं. आमी ल्हान हुतो तवा ओंजळीनं निगायचं. आता ह्या पान्यात म्हस पाय घालत न्हाई." मग तिनं माझ्या पिशवीवरचं कॉलेजचं नाव पाहिलं. "हितं काय ल्हिवलंय गं, पोरी? कॉलेजचं नाव का? मंग तुमीच व्हय ते?"

"कोण?"

"तुमच्याच कागदानं तर आमचं त्वांड बंद केलं. आमी गावातलं मिळून तालुक्याच्या हापिसात अर्ज दिला, पानी नासलंय म्हनून. सायबानं फायल काडली. म्हनला, आवं, कॉलेजवाल्यांनी तपासलंय, सतरा जातीचं जीव नांदत्यात तुमच्या वड्यात, पानी झ्याक हाय. म्या म्हनलं, सायेब, घागरभर तुमच्या घरी धाडू का? तर मलाच वरडला."

निकम पाण्यात उभे होते. चाळण तशीच हातात. मग म्हणाले, "आक्का, कागद बदलंल."

"तुमी बदलनार?"

"वड्यात काय हाय त्येवडंच लिवनार."

पुढच्या फेरीला मी डब्यात पोळी-भाजीच्या जागी शिंपले आणले. तेरा, कापसात गुंडाळून. निकम वरच्या खुंटीकडे गेल्यावर मी ते ओल्या वाळूत मांडले, नंबराची बाजू खाली. मोबाइल काढला. शेवटचा फोटो घेताना पाण्यात सावली पडली.

"ताई, ह्यो कुठं घावला?"

मी खोटं बोलले नाही, पण खरंही पटकन निघालं नाही. "सरांनी सांगितलंय, काका. गुण जातील."

ते रागावले नाहीत. शिंपला उचलून त्यांनी रंगवलेला नंबर वाचला आणि परत माझ्या डब्यात ठेवला. इस्लामपूरच्या स्टँडवर चहा घेताना मात्र त्यांनी एक गोष्ट सांगितली. मी ती त्यांच्याच शब्दांत देते, कारण मी फार वेळा ती मनात म्हटली आहे.

"बरफातल्या एका पोस्टवर हुतो मी. नवा हुतो. उतरनीला दोर बांदल्याला. रोज सकाळी दोराची दोन्ही टोकं बगायची आन् रजिस्टरात 'चेक' लिवायचं. एक दिस लय गार. म्या आतनंच लिवलं. दुपारी एक जन त्याच दोराला धरून उतराय लागला, वरची गाठ सुटली. जगला त्यो, पन कमरंपास्नं खाली काय ऱ्हायलं न्हाई. चौकशी झाली. रजिस्टर उगाडलं. सकाळी चेक, सही माजी. म्हंजी सकाळी दोर चांगला हुता, मागनं सुटला. मला शाबास म्हनलं बगा. रजिस्टर लय नीट ठिवलंय म्हनून."

"तुम्ही नंतर सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. दोन महिन्यांनी. तवर कागद वर गेल्याला. सायेब म्हनलं, निकम, जाऊ दे आता." त्यांनी कप खाली ठेवला. "शिक्षा झाली आसती तर म्या ईसरलो आसतो, ताई."

मला वाटलं होतं, ही गोष्ट ऐकल्यावर मी बदलेन. एस.टी.त बसल्यावर मी फोटो तपासले. चांगले आले होते. मी ते पुसले नाहीत.

अहवाल द्यायची वेळ आली तेव्हा निकमांनी सरांच्या टेबलावर सतरा बाटल्या मांडल्या. चारांत नमुने होते. तेरा रिकाम्या. पण रिकाम्या बाटल्यांतही पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी होती: जातीचं नाव, ओढ्याचं नाव, दहा जागा, किती फेऱ्या, तारखा. आणि खाली, 'शोधली. आढळली नाही. संपत निकम.'

सरांना आधी तो विनोद वाटला, मग अपमान. "मेजर, रिकामी बाटली कुणी जमा करतं का?"

"हवालदार, सर. रिकामी न्हाई ती. आत चिठ्ठी हाय."

"अहो, तुम्हाला शिंपले मिळालेत ना? कवचं मिळालीत. मग जात आहे. कवच म्हणजे पुरावा."

"सर, टोपी घावली म्हनून जवान हजर हाय असं न्हाई लिवता येत."

मी बाजूला उभी होते. हसू आलं, पण सर हसले नाहीत. त्यांनी समजावलं. आवाजही चढवला नाही. या वर्षी यादी कमी केली तर आधीच्या सगळ्या तुकड्यांचं काय? त्या अहवालांवर ज्यांच्या सह्या आहेत त्यांचं काय? "माझं काय?" असंही एकदा म्हणाले. निकमांना त्यांचा राग नव्हता. "तुमची अडचन खरी हाय, सर. पन आक्काचा अर्ज ह्या कागदापायी पडून हाय."

"मग मी सही करू शकत नाही. सही नाही तर तोंडी परीक्षा नाही. तुमची ती जूनची जागा जाईल, निकम. विचार करा."

"केलाय, सर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तू?"

इथे मी काय म्हणायला हवं होतं ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. कितीतरी पत्रकांत मी ते वाचलं होतं. मी म्हटलं, "सर, आम्ही दोघांनी वेगळे अहवाल दिले तर चालेल का?"

चाललं. मी सतरा जातींचा अहवाल दिला, फोटोंसह. परीक्षकांनी पानं उलटली, "बरीच मेहनत घेतलीय" म्हणाले आणि वर्गात सर्वांत जास्त गुण दिले. निकमांचं नाव तोंडी परीक्षेच्या यादीत नव्हतं. त्या दिवशी ते कॉलेजात आले मात्र होते, त्याच इस्त्रीच्या पँटमध्ये. मला म्हणाले, "झ्याक झालं व्हय? आता पेढं द्या." मी पेढे आणले. त्यांनी एक घेतला.

जूनमध्ये त्यांच्या गावाजवळच्या कॉलेजातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. निकमांनी प्रकल्पासाठी पुन्हा नाव नोंदवलं. तोच ओढा, त्याच दहा खुंट्या, आता एकटेच. आणखी एक वर्ष दर पंधरा दिवसांनी ते गेले. पुन्हा चार जाती, पुन्हा तेरा चिठ्ठ्या. या वेळी सरांनी सही केली. का केली ते मला कळलेलं नाही. कदाचित दोन वर्षांच्या वह्या बघून त्यांना नाही म्हणवलं नसेल. निकम दुसऱ्या श्रेणीत पास झाले.

हे सगळं मला बाहेरून कळत होतं. मी त्यांना फोन करत नव्हते. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र साताऱ्यात एका बँकेच्या दारात ते दिसले. खाकी गणवेश, खांद्यावर बंदूक, बूट तसेच चकचकीत.

"ताई! चष्मा लागला की. आत काय काम हाय? आधी पिशवी दावा," आणि स्वतःच हसले.

मी पायरीवरच बोलून टाकलं. "काका, माझा अहवाल खोटा होता. मला माफी मागायची आहे."

"खोटा हुता त्ये मला ठावं हाय. मी तितंच हुतो." रस्त्यावरून नजर न काढता ते बोलत होते. ड्युटीवर होते. "पन माजी माफी कशापायी? तुमी माजं काय न्हेलं? म्या माजं लिवलं, तुमी तुमचं."

"तुमची नोकरी गेली."

"ती म्या घालवली. माझ्या हातानं." मग त्यांनी आक्काचं सांगितलं. डिग्री मिळाल्यावर त्यांनी आपल्या अहवालाची प्रत तिला नेऊन दिली होती. ती गावकऱ्यांना घेऊन पुन्हा त्या कार्यालयात गेली. साहेबानं फाइल काढली. फाइलमध्ये आता माझा अहवाल होता, कॉलेजनं पाठवलेला, फोटोंसकट. साहेब म्हणाला, एकाच कॉलेजचे एका वर्षाच्या अंतरानं दोन कागद, एकात सतरा, एकात चार. कुठला खरा ते आधी तुमच्या कॉलेजवाल्यांनी ठरवावं, मग बघू. अर्ज तिथेच थांबला आहे.

"म्हंजी बगा," निकम म्हणाले, "माज्या कागदाच्या वाटंत तुमचा कागद आडवा हाय. माज्याकडं यून उपेग न्हाई. जितं लिवलंय तितं जाऊन खोडा."

मी गेले. ग्रंथालयात सांगितलं गेलं की एकदा नोंद झालेला अहवाल काढता येत नाही, तशी पद्धत नाही. विभागात अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर नाही. सर निवृत्त झालेत. त्यांना घरी भेटले तर ते थकल्या आवाजात म्हणाले, "अगं, कोण वाचतंय ते अहवाल?" मी म्हटलं, "सर, तो साहेब वाचतो." चहा घेऊन मी निघाले. निकम कधीच शिक्षक झाले नाहीत. मी एका कॉलेजात आहे, प्राणिशास्त्र शिकवते. माझ्या निवडीच्या वेळी प्रकल्पाच्या गुणांची दखल घेतली गेली होती.

म्हणून हे इथे लिहिते आहे. इस्लामपूरच्या पुढच्या त्या ओढ्यावर माझ्या नावाचा जो अहवाल आहे, त्यातल्या तेरा जाती मी पाहिलेल्या नाहीत. फोटो संग्रहालयातल्या शिंपल्यांचे आहेत. निरीक्षणाखालची सही माझी आहे आणि ती खोटी आहे. हवालदार संपत निकमांचा अहवाल खरा आहे. दोन्ही एकाच कपाटात आहेत.

तुम्ही त्या ओढ्याकाठचे असाल, तर हे पान फाडा, अर्जाला जोडा आणि त्या कार्यालयात घेऊन जा. साहेबांनी विचारलं तर मला बोलवा, मी येऊन त्यांच्यासमोर हेच सांगेन. आणि तुम्ही दुसऱ्या कुठल्या गावचे असाल, तर तुमच्या ओढ्याबद्दल, विहिरीबद्दल, तळ्याबद्दल कार्यालयात कुठला कागद लावलाय तो मागून घ्या. तो हातात धरून पाण्यात उतरा आणि एकेक ओळ ताडून बघा.